गोळी बंद करणे हा उपाय नव्हे

मनोविकारावरील औषधांनी शरीराच्या हालचाली बिघडतात, हे याच स्तंभातील पत्रात म्हटले ते खरे. पण त्यासाठी गोळ्या थेट बंद कराव्यात, हा त्यातील सल्ला घातक आहे. त्याने मूळ आजार उलटतो. हालचालींचा हा त्रास मुख्यतः चार प्रकारचा असून प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे.

हॅलोपेरिडॉलसारखे औषध सुरू होताच काही तासांत किंवा दिवसांत मान एका बाजूला ओढली जाते, डोळे वर फिरतात, जीभ जड होते. घरच्यांना ती बाहेरची बाधा वाटते. प्रत्यक्षात प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने बहुधा लवकरच आराम पडतो. एका जागी बसू न देणारी तगमग डोस घटवून किंवा प्रोप्रानोलॉलने आटोक्यात येते. ती मूळ आजाराचीच समजून डोस वाढवला, तर ती बळावते. काही आठवड्यांनी येणारा कंप आणि ताठरपणा डोस कमी केल्याने, औषध बदलल्याने किंवा ट्रायहेक्सीफेनिडिलने कमी होतो. महिन्या-वर्षांनी ओठ, जीभ आपोआप हलू लागल्यास मात्र ट्रायहेक्सीफेनिडिल त्रास वाढवू शकते. तेथे डॉक्टर टेट्राबेनाझिनचा विचार करतात.

जोराचा ताप, अंग लाकडासारखे ताठ आणि भ्रम ही लक्षणे एकत्र दिसल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

काटोल परिसरातील कुटुंबांसाठी नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. डोसचा निर्णय मात्र डॉक्टरांनीच घ्यावा.

— एक वाचक, काटोल (जि. नागपूर)