पोराच्या डोक्यावरचं छप्पर



जून लागला, की पनवेलच्या एस.टी. स्थानकावर पेटी-वळकटी घेतलेली पोरं उतरू लागतात. कुणी पेणकडचा, कुणी कर्जतचा, कुणी पार रोह्याहून आलेला. सोबत बाप असतो. त्याची अर्धी नजर आभाळाकडं, कारण घरी राबात भात पेरायचं राहिलेलं असतं. वसतिगृहाची फी भरतो, रेक्टरसाहेबांना नमस्कार करतो आणि पाठ फिरवतो. माझं म्हणणं एवढंच, की पाठ फिरवण्याआधी एकदा मान वर करून छत बघा.

मी असाच एकदा भाच्याला पोहोचवायला गेलो होतो. वसतिगृहाचं नाव सांगत नाही. खोली चौघांची, राहणारे सहा. भिंतीला ओल, दोरीवर न वाळलेले कपडे. आणि भाच्याच्या खाटेच्या बरोब्बर वर सिमेंटचा पोपडा सुटून गंजलेली सळई उघडी पडलेली. ‘खाट जरा सरकव रे,’ एवढंच मला सुचलं. परतीच्या गाडीत मात्र मनाला लागून राहिलं. गोठ्याचा वासा वाळवीनं पोखरला, तर आपण म्हैस सरकवून गप्प बसतो का? वासाच बदलतो.

हे होतं कसं, ते समजून घ्या. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळया असतात. काँक्रीट चांगलं असतं तोवर ते सळईला गंजू देत नाही. वर्षानुवर्षं हवा नि पाणी भेगांतून आत शिरलं, की ती राखण संपते. पनवेलला पाऊस धो धो, त्यात खाडी जवळ. गंजलेली सळई फुगते आणि खालचं सिमेंट ढकलून पाडते. हातोडीनं ठोकलं, तर सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. वरून रंग मारला तर दुखणं झाकतं, बरं होत नाही. आधी गळती बंद करायची, मग सैल काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लेप देऊन नवा थर भरायचा.

मग जुनी इमारत पाडूनच टाकावी का? ते जाणत्या अभियंत्यानं तपासून सांगावं. महानगरपालिकेच्या हद्दीत ३० वर्षं वापरलेल्या इमारतीची अशी तपासणी करून घ्यावी, असं कायदाच सांगतो. आणि पनवेल २०१६ पासून महानगरपालिका आहे. सांगाडा खचला असेल, तर पाडण्याला इलाज नाही. पण तो धड असेल, तर जुन्यातूनही नवं उभं राहतं.

फ्रान्समधल्या बोर्दो शहराचं उदाहरण घ्या. तिथं १९६० च्या दशकातल्या ३ इमारती होत्या, ५३० घरांच्या. लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी आपल्या सोबत्यांसह त्या पाडल्या नाहीत. प्रत्येक घराला बाहेरून सुमारे १२ फुटांची उजेडाची पडवी जोडली. काम चालू असताना राहती माणसं घराबाहेर काढली नाहीत. २०१७ साली हे काम पुरं झालं, आणि २०२१ साली या दोघांना वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

पडवी आपल्या कोकणाला काय नवी आहे? जुन्या वसतिगृहालाही ती जोडता येईल. पाऊस भिंतीवर येणार नाही, कपडे वाळतील, पोरं बसून वाचतील. समोरासमोर खिडक्या काढल्या, की वारा खेळेल. सपाट गच्चीवर उतरतं छप्पर घातलं, की पाणी साचणार नाही. प्रत्येकाला टेबल आणि दिवा हवा. मुलींचं वसतिगृह असेल, तर संडास-न्हाणीघर इमारतीच्या आतच हवं. नाहीतर लेकीचं शिक्षण तिथंच थांबतं. काम दिवाळीनंतर, एकेक मजला रिकामा करून घ्यावं, म्हणजे कुणाचं वर्ष बुडणार नाही.

‘आम्ही अडाणी, आमचं कोण ऐकणार?’ असं म्हणू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र वसतिगृह उघडलं. लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. खेड्यापाड्यांतल्या बायांनी मूठ मूठ धान्य बाजूला काढलं. त्याच संस्थेनं १९७० साली पनवेललाही महाविद्यालय काढलं. पोरांच्या शिक्षणाची ही घरं आपल्याच आज्या-पणज्यांच्या मुठीतून उभी राहिली आहेत.

तेव्हा यंदा पालकसभेला जाल, तेव्हा निकालाबरोबर आणखी एक कागद मागा: इमारत शेवटची कधी तपासली, त्याचा अहवाल. सगळ्यांनी मिळून मागा. आणि डागडुजीला पैसा कमी पडतो म्हणाले, तर आपलीही मूठ पुढं करा. पेरणी एक दिवस उशिरा झाली तरी चालेल.