मॅकिंटायर कोणाचे?

मार्क्सवाद टाकून कॅथलिक झालेला तत्त्वज्ञ, एवढेच ॲलस्डेअर मॅकिंटायर (१९२९–२०२५) यांचे चरित्र परंपरावादी सांगतात. हे अर्धसत्य आहे, आणि समाजवाद्यांनी ते मुकाट्याने मान्य करावे याचे नवल वाटते.

ग्लासगोत जन्मलेले मॅकिंटायर तरुणपणी कम्युनिस्ट पक्षात होते, पुढे त्रॉत्स्कीवादी गटांत. स्टालिनशाहीचा निषेध करावयाचा तो कोणत्या नैतिक पायावर, हा प्रश्न त्यांनी १९५८ सालीच विचारला होता. व्यक्तीची खाजगी आवडनिवड हा तो पाया नव्हे. 'इतिहासाचा ओघ' हाही नव्हे. या शोधातूनच १९८१ साली 'आफ्टर व्हर्च्यू' हा ग्रंथ आला. ॲरिस्टॉटलमार्गे ते थॉमस अक्वायनसपर्यंत आणि चर्चपर्यंत पोहोचले. परंतु भांडवलशाहीशी त्यांनी तडजोड केली नाही.

त्यांचे मच्छिमारांचे उदाहरण पाहावे. जेथे नफा हेच साध्य, तेथे तोटा दिसताच मालक भांडवल अन्यत्र वळवितो. जेथे कामातील नैपुण्य आणि परस्परांची जबाबदारी हे साध्य, तेथील मच्छिमार पडत्या काळातही एकमेकांना सोडीत नाहीत. यात परंपरेची आरती कोठे आहे?

राज्यसंस्थेवर त्यांचा विश्वास नव्हता. येथे मतभेद अटळ आहे: छोटे समुदाय एकट्याच्या बळावर भांडवलाला रोखू शकत नाहीत. तथापि, उद्दिष्ट थोर म्हणून साधनांची चौकशीच नको, असे मानणाऱ्या कार्यकर्त्याला मॅकिंटायर यांचा १९५८ चा प्रश्न आजही चुकविता येणार नाही.