ताप उतरला की धोका संपत नाही, हे मराठीत कोण सांगणार?

पाऊस थोडा उघडला की सीमाभागात घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: "व्हायरल आहे, दोन दिवसांत जाईल." या शब्दावर माझा राग आहे. डेंग्यू व्हायरल, चिकुनगुनिया व्हायरल, साधी सर्दीपण व्हायरलच. मग त्यातनं कळलं काय?

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी, डॉक्टर नव्हे. पण धोक्याची लक्षणं ओळखायला डॉक्टरकी लागत नाही. चिकुनगुनिया सांधे धरतो. मनगटं, बोटं, घोटे सुजतात, सकाळी तांब्या उचलवत नाही, आणि ताप गेला तरी दुखणं कित्येकदा महिनोन्महिने राहतं. 2006 च्या साथीत कर्नाटकानं हे भरपूर भोगलंय.

डेंग्यूत अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागं ठणका, अंग मोडून येणं, पुरळ. इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक असतं. जीव जातो तो पुढं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, घरचे म्हणतात, सुटला एकदाचा. नेमकं तेव्हाच काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतनं पाणी झिरपायला लागतं आणि रक्तदाब घसरतो. पोटात जोराची कळ, न थांबणारी उलटी, हिरड्यांतनं किंवा नाकातनं रक्त, काळी शी, हातपाय गार, लघवी कमी, पोरगं एकदम सुस्त किंवा उगाच चिडचिडं: यातलं एक जरी दिसलं तरी लगेच दवाखाना. उद्या बघू म्हणायचं नाही. प्लेटलेटचा आकडा आणि पपईच्या पानांचा रस यावर अख्खी गल्ली बोलते, यावर कोणी बोलत नाही. अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेली ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन डेंग्यूत रक्तस्राव वाढवू शकते. पॅरासिटामॉल चालतं, तेही मापात.

आता सांगा, हे मराठी आजीपर्यंत पोचणार कसं? आमच्याकडं लागलेला फलक मी वाचला. माहिती बरोबर, चित्रं चांगली, भाषा फक्त कन्नड. कन्नडशी माझं भांडण नाही, मला ती वाचता येते. आजीला येत नाही, आणि आजारी नातवाच्या उशाशी दिवसभर तीच बसते. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या तरतुदींत स्पष्ट आहे की जिल्ह्यात किंवा तालुक्यात ते 15 टक्के वा जास्त असतील, तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. खानापूर तालुक्यात मराठी किती, हे मी सांगायला पाहिजे काय?

सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारनं डेंग्यूला साथरोग जाहीर केलं. घरात डासांची पैदास सापडली तर शहरात 400, खेड्यात 200 रुपये दंड. दंड वसूल करताना भाषा आड येत नाही, मग लक्षणं सांगतानाच कशी येते?

काहीजण म्हणतील, आजारात राजकारण कशाला आणता. वाचता न येणाऱ्याच्या दारावर सूचना चिकटवून "आम्ही जागृती केली" असं लिहून मोकळं होणं, यालाच मी राजकारण म्हणतो.

ग्रामपंचायतीत मराठी फलकासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोवर वरची लक्षणं आशाताईंना दाखवून मोठ्या अक्षरात लिहा आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लावा. पहिली ओळ ताप उतरण्याची लिहा.