मरणाचा हक्क कागदावर, दुखणे मात्र बाजेवर



म्हाताऱ्या, असाध्य आजारी माणसाने कसे मरावे यावर दिल्लीत वर्षानुवर्षे वाद झाले. वकील भांडले, डॉक्टर भांडले, सरकारने कधी हो म्हटले, कधी नाही म्हटले. आपल्या कपाशी-ज्वारीच्या मुलखात या वादाचा आवाजही आला नाही. वाद आपल्याच आईबापांचा होता, आपली बाजू मांडायला मात्र तिथे कोणी नव्हते. ती आज मांडू.

आधी झाले काय ते पाहू. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली हल्ला झाला. त्या २०१५ साली वारल्या, तोवर ४१ वर्षांहून अधिक काळ तिथल्या परिचारिकांनी त्यांना जिवापाड सांभाळले. त्यांच्याच खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा सांगितले, की आशा संपलेल्या रोग्याचे उपचार हायकोर्टाच्या परवानगीने थांबवता येतील. ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. शुद्धीवर असतानाच इच्छापत्र लिहून ठेवायची मुभा मिळाली. २०२३ साली कोर्टाने रीत थोडी सोपी केली. आता दोन साक्षीदार हवेत आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी. वेळ आली म्हणजे दवाखान्यात तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे बसणार आणि तज्ज्ञांना किमान ५ वर्षांचा अनुभव हवा.

या हक्काला आमचा विरोध नाही. नळ्या लावून रोग्याचा जीव अडकवून ठेवायचा आणि बिल वाढवत न्यायचे, हा धंदा थांबलाच पाहिजे. आमचा सवाल वेगळा आहे. सहा डॉक्टर आणायचे कुठून? तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक डॉक्टर वेळेवर भेटला तरी आपण देवाला नारळ फोडतो!

आणि कोरडवाहू घरातला म्हातारा असले कागद कधीच करत नाही. तो एवढेच म्हणतो, "मले दवाखान्यात नेऊ नका. पोराचं वावर इकू नका." घरचे डोळे पुसतात आणि म्हणतात, त्यांचीच इच्छा होती. शेजारी म्हणतात, समजूतदार माणूस. आम्ही विचारतो, ही इच्छा कसली? दोन एकर विका नाहीतर बापाला तसाच ठेवा, अशी गाठ ज्याच्या गळ्यात आहे त्याच्या तोंडून निघालेला 'नको' हा नकार नसतो. ती हिशेबाची बेरीज-वजाबाकी असते. शहरातला पैसेवाला उपचार थांबवतो तेव्हा उपचार त्याच्या हाताशी असतात. आपल्याकडे थांबवायला काही सुरूच झालेले नसते.

सरकार म्हणेल, योजना आहेत ना! आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतमधून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. चांगली गोष्ट आहे. पण हा पैसा दवाखान्यात दाखल झालेल्या रोग्याचा. कॅन्सर झालेली आई डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून परत पाठवली, की योजनेचे दार थोड्याच दिवसांत लागते. पुढचे तीन-चार महिने ती रात्रभर कण्हते, पाठीला जखमा पडतात, सून निंदणीची मजुरी बुडवून उशाशी बसते. त्याचा पै-पैसा कोणत्याच खात्यात धरलेला नाही.

२००७ साली कायदा झाला, की मुलांनी आईबापांना पोसलेच पाहिजे. महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगी द्यावी लागेल आणि टाकून दिले तर तीन महिन्यांपर्यंत कैद होईल. आईबापाला टाकणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. पण त्याच २००७ पासून केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला वाटा ८० वर्षांखालच्या म्हाताऱ्याला महिना २०० रुपये ठरला, तो वर्षानुवर्षे तसाच राहिला. आपल्या राज्याची भर धरून श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून १५०० होतात. तेही कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर, म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. पोराने १० हजार द्यावेत आणि सरकारने २०० देऊन श्रावणबाळाचे नाव मिरवावे, हा कुठला न्याय?

आता दुखण्याचे औषध बघा. कॅन्सरच्या शेवटच्या कळांवर मॉर्फिनची गोळी जगभर चालते आणि ती महागही नाही. ती अफूपासून होते. अफू पिकवतो आपलाच शेतकरी, मंदसौर, नीमच, चितोडगडकडे, सरकारी परवान्याने. पीक सरकारलाच घालायचे आणि भावही सरकारचाच. एकाधिकारात कापूस घातलेल्यांना हे दुखणे वेगळे सांगायला नको. आपला देश दशकानुदशके परदेशातल्या औषध कारखान्यांना अफू विकत आला. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मात्र इथल्या दवाखान्यांना मॉर्फिनसाठी चार-चार परवाने काढायला लावले. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला औषधी वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, एकच परवाना पुरेसा ठरला. कायदा सुटला तरी गोळी आपल्या तालुक्यात आली का? आपापल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा.

व्यसन लागेल म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर असे, की डॉक्टरच्या हाताने, मोजून दिलेले औषध म्हणजे व्यसन नव्हे. आणि गावोगाव देशी दारूला परवाना देणाऱ्या सरकारने मरणाऱ्याच्या गोळीपुरते सोवळे पाळू नये.

हे आपल्या देशात जमते. केरळात १९९३ साली कोझिकोडला डॉक्टरांनी आणि गावकऱ्यांनी मिळून वेदनाशमनाचे काम उभे केले. २००८ साली त्या सरकारने धोरण केले. तिथे पंचायतीच्या खर्चाने परिचारिका घरी येते, जखमा धुते, लघवीची नळी बदलते, घरच्यांना शिकवते. त्याला मोठी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत हे ठराव घ्यावेत :

१) प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाने मॉर्फिनची मान्यता घ्यावी आणि एक डॉक्टर त्यासाठी शिकवून तयार करावा.

२) घरी येऊन सेवा करणारी परिचारिका तालुक्यात नेमावी. तिचा पगार आणि गाडीखर्च जिल्हा परिषदेने द्यावा.

३) पेन्शनची २१ हजारांची अट काढावी आणि केंद्राचा वाटा महागाईला बांधावा.

४) इच्छापत्र जपून ठेवायला पंचायतीने अधिकारी नेमावा, असे २०२३ च्या निकालातच आहे. तो कोण, हे प्रत्येक ग्रामसभेने लेखी विचारावे.

भावांनो, बाप "नको" म्हणाला तर त्याचे ऐकू. पण आधी औषध त्याच्या बाजेपाशी येऊ द्या, वावर शाबूत राहू द्या. मग तो जे म्हणेल ती त्याची इच्छा. तोवर तिला इच्छा म्हणायची सरकारने हिंमत करू नये.