चित्रण करण्यापूर्वी पाच मिनिटे



मंगलकार्याची चित्रफीत आता घरच्या घरीच तयार होते. चित्रण करणे सोपे झाले आहे. पुढे संकलनाचे काम मात्र पुष्कळांना जड जाते. निवडलेले भाग जोडून अखेरची फीत बाहेर काढावयास संगणक तासन्‌तास घेतो. हा वेळ बहुधा चित्रणाच्या दिवशीच वाया गेलेला असतो. तो कसा, हे एका घरगुती प्रसंगावरून सांगतो.

बेंगळुरूच्या राजाजीनगरात आमच्या शेजारी मूळचे बेळगावकडील एक कुटुंब राहते. तेथील आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी त्यांच्या थोरल्या भगिनी, म्हणजे घरातील आत्याबाई, मुद्दाम आल्या होत्या. तिघांनी चित्रण केले. मुलाच्या फोनवर फोर-के आकार आणि सेकंदाला ३० चित्रे होती. भाच्याच्या कॅमेऱ्यावर त्याहून लहान, १०८० ओळींचा आकार आणि २५ चित्रे. सूनबाईंच्या फोनवर ६०. मुलाने रात्री सर्व एकत्र करून संगणक कामास लावला. सकाळी पाहतो तो निम्मेही काम झालेले नव्हते, आणि आत्याबाईंची परतीची गाडी त्याच रात्रीची होती. “मी भावाला ओवाळते आहे, तेवढे तरी दाखवा. पुन्हा येणे होते न होते,” एवढेच त्या म्हणाल्या.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषांतराचा असल्यामुळे त्याला उपमाही तीच सुचते. मराठी मजकूर मराठीतच हवा असेल, तर तो उतरवून घेतला की झाले. कन्नडमध्ये हवा असेल, तर वाक्यन्‌वाक्य वाचून नव्याने लिहावे लागते. चित्रफितीचेही तसेच आहे. कॅमेरा चित्रे एका सांकेतिक लिपीत दाबून साठवतो; तिला कोडेक म्हणतात. २००३ साली प्रमाण ठरलेली एच.२६४ आणि २०१३ सालची एचईव्हीसी या त्यांतील दोन प्रमुख होत. दुसरी कमी जागेत मावते, परंतु जुन्या संगणकास वाचावयास जड जाते. आकार, दर किंवा लिपी बदलावयाची म्हणजे प्रत्येक चित्र उलगडून पुन्हा लिहिणे आले. सेकंदाला २५ या दराने एका तासात ९०,००० चित्रे होतात! फोर-के चित्रात तर १०८०च्या चौपट बिंदू असतात.

दराची विसंगती डोळ्यांनाही खुपते. ३० चित्रांतून २५ करावयाची, तर दर सहांतील एक गाळावे लागते आणि चालणारा माणूस अडखळल्यासारखा दिसतो. आपल्याकडे २५ हा दर दूरदर्शनच्या पद्धतीतून आला. त्याचे मूळ विजेच्या ५० आवर्तनांत आहे. विजेचे काही दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आणि कॅमेऱ्याचा मेळ चुकला की चित्रात पट्टे सरकू लागतात. यासाठी सोय असेल तेथे २५ हा दर आणि शटर एकपन्नासांश सेकंद ठेवावे. एखाद्या फोनमध्ये २५ नसेल, तर सर्वांनी ३० ठेवावे. दर कोणताही असो, तो सर्वांचा एकच असावा.

मात्र एक खुलासा आवश्यक आहे. सर्व काही जुळले तरी पुष्कळ संकलन-कार्यक्रम संपूर्ण फीत नव्यानेच लिहितात. तेथे जुळणीने काम हलके होते, टळत नाही. नुसते कापून जोडावयाचे असेल, तर एफएफएमपेग किंवा त्यावर आधारलेला लॉसलेसकट यांसारखे विनामूल्य कार्यक्रम मूळ मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतात. रंग सुधारणे, नावे घालणे, एका दृश्यात दुसरे विरघळवणे यांसाठी ही युक्ती चालत नाही. शिवाय फितीत संपूर्ण चित्र अधूनमधूनच असते. मधल्या चित्रांत केवळ झालेला बदल नोंदलेला असतो. म्हणून काप संपूर्ण चित्रापाशीच घ्यावा लागतो, आणि तो सेकंद-दोन सेकंद मागेपुढे होतो.

त्या दिवशी आम्ही मोठ्या फितीचा नाद सोडला. ओवाळण्याचा प्रसंग मुलाच्या फोनवर अखंड होता. तेवढाच भाग कापून उतरवून घेतला. चहा होईपर्यंत तो तयारही झाला. काप थोडा आधी पडल्यामुळे आरंभी निरांजनासाठी काडेपेटी शोधण्याची घाई तेवढी आली. ती पाहून आत्याबाई प्रथम हसल्या, मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, “पुन्हा एकदा लाव रे.” गाडीला निघेपर्यंत त्यांनी ती फीत तीनदा पाहिली.

तेव्हा आपल्या घरच्या पुढील कार्यापूर्वी चित्रण करणाऱ्या सर्वांना पाच मिनिटे एकत्र बसवावे. आकार, दर आणि कोडेक या तीन गोष्टी ठरवाव्यात, सर्वांच्या यंत्रांत त्याच ठेवाव्यात, आणि अखेरची फीतही त्याच मापात काढावी. दूरगावचे पाहुणे परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी ती त्यांच्या हाती देता येईल.