डोळ्यानं हाताला फसवलं!

परवा मी चौथीच्या वर्गात दोन डबे नेले. एक चहाचा लहानसा, दुसरा बिस्किटांचा चांगला मोठा. दोन्हींत मुळेची वाळू. किराणा दुकानाच्या तराजूवर डब्यांसकट बरोबर अर्धा-अर्धा किलो करून आणलेली. दोन्हींना वर सुतळी बांधली नि म्हटलं, "एका बोटानं उचला. जड कोणता?"

"लहान डबा, बाई!"

वजन सारखंच आहे, हे सांगून पुन्हा उचलायला लावलं. तरी लहानच जड! "बाई, तुमचा तराजूच खोटा," एक पठ्ठ्या म्हणाला. मग त्याचेच डोळे रुमालानं बांधले. आता मात्र त्याला जड-हलका काही सांगता येईना!

फ्रान्सच्या शार्पांतिए यांनी 1891 साली ही गंमत लिहून ठेवली. मोठा डबा दिसला की मेंदू आधीच धरून चालतो, हा जड असणार. तितका जड निघाला नाही की तो हलका वाटतो, असं एक कारण सांगतात.

तुम्ही म्हणाल, याचा कॉम्प्युटरशी काय संबंध? आहे ना! अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मंडयम श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर 1996 साली एक प्रयोग मांडला. पडद्यावर दोन स्प्रिंगांची चित्रं. हातातली मूठ दाबली की यंत्र उलटा जोर लावणार, अगदी खरी स्प्रिंग दाबल्यासारखा. मग त्यांनी लबाडी केली. कडक स्प्रिंग पडद्यावर जास्त दबताना दाखवली नि मऊ स्प्रिंग कमी. लोक चक्क कडक स्प्रिंगला मऊ म्हणू लागले! हात खरं सांगत होता, पण ऐकलं गेलं डोळ्याचंच.

ही नुसती करमणूक नाही बरं का. यंत्रमानवाच्या हातांनी ऑपरेशन करणारे डॉक्टर थोड्या अंतरावर बसून पडद्यात पाहतात. टाक्याचा दोरा किती ताणला गेला, हे दा विंची नावाच्या यंत्राच्या जुन्या नमुन्यांत त्यांच्या बोटांना कळायचं नाही. ते नजरेनंच ओळखावं लागे. जोर जास्त झाला तर आतला नाजूक भाग फाटायचा! 2024 साली अमेरिकेत परवानगी मिळालेल्या नव्या दा विंचीत हा ताण डॉक्टरांच्या हातापर्यंत पोचवायची सोय केली आहे.

आमच्या पठ्ठ्यानं मात्र अजून हार मानलेली नाही. सोमवारी तो घरचा तराजू घेऊन येणार आहे.