भट्टीकाठी : पिळाची परीक्षा

चाचणीसाठी ओतलेला टेस्ट बार तोडण्यात गेलेला वेळ आणि पैसा म्हणजे नुकसान, असं कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजही पुष्कळांना वाटतं. जॉब दिसायला चांगला आहे, पार्टी घाई करते आहे, मग बार तोडायचा कशाला? या प्रश्नाचं उत्तर मला एका केबलीच्या गोष्टीत सापडलं.

दक्षिण फ्रान्समध्ये कादाराशला ‘ईटर’ ही संलयन अणुभट्टी उभी राहते आहे. 2006च्या करारापासून भारतही तिच्यात भागीदार आहे. सूर्याच्या गाभ्याच्या दहापट तापलेला प्लाझ्मा तिथं चुंबकांनी अधांतरी धरायचा, आणि त्या चुंबकांची केबल उणे 269 अंशांच्या आसपास गारठवायची. मधल्या चुंबकाच्या केबलीत निओबियम-कथिलाच्या शेकडो तारा पीळ देऊन पोलादी नळीत भरलेल्या असतात. वेटोळं वळून झालं की ते साडेसहाशे अंशांवर कित्येक दिवस भाजतात. त्यातून अतिवाहक संयुग तयार होतं, पण ते काचेसारखं ठिसूळ असतं. म्हणून आधी वळायचं, मग भाजायचं.

स्वित्झर्लंडमध्ये फिलिगेनला ‘सुलतान’ नावाचं चाचणी केंद्र आहे. केबलीचा साडेतीन मीटरचा तुकडा तिथं प्रचंड चुंबकीय क्षेत्रात ठेवून हजारो वेळा भार देतात आणि काढतात. 2010च्या सुमारास मधल्या चुंबकाचा नमुना तिथं गेला आणि प्रत्येक फेरीगणिक खालावत राहिला. चुंबकीय दाबानं तारा वाकत होत्या, आतले केसासारखे तंतू तडकत होते. तोच तुकडा एकदाच तपासला असता तर पास झाला असता.

उपाय मोटेचा नाडा वळणाऱ्याला चटकन कळेल असा निघाला. पीळ आखूड केला. पहिल्या तीन तारांच्या पिळाची लांबी जवळपास निम्म्यावर आणली, तेव्हा तारांना एकमेकींचा आधार मिळाला. नवा नमुना हजारो फेऱ्यांनंतरही टिकून राहिला. धातू तोच, फक्त वळण बदललं.

आपल्याकडचा अनुभव याहून बोलका आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘एसएसटी-1’ हे संलयन-प्रयोगाचं यंत्र पहिल्या जोडणीनंतर नीट चाललं नाही. ते उघडलं. चुंबकांची मुख्य सोळा वेटोळी एकेक करून गारठवली आणि प्रत्येकातून 10,000 अँपिअर प्रवाह सोडून पाहिला. जून 2013मध्ये त्या यंत्रात पहिला प्लाझ्मा पेटला. उघडून पुन्हा जोडण्यात गेलेली ती वर्षं मला वाया गेलेली वाटत नाहीत. पण हीच तपासणी आधी केली असती तर ती वर्षं वाचली असती, हेही खरं.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखानदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कोटेशनमध्ये चाचणीचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा, आणि पार्टीनं कितीही घासाघीस केली तरी ती ओळ खोडू नका.

– भट्टीकर